विषाआधीचा दोष

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात, साध्या सर्दी-तापाची मुले लघवी बंद होऊन दगावू लागली. अनेकांना नागपूरला हलवले, पण मूत्रपिंडे निकामी झालेली होती. वीसहून अधिक मुले गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. त्यांना ‘कोल्ड्रिफ’ नावाचे सिरप दिले गेले होते. कांचीपुरमच्या श्रीसन फार्मास्युटिकल्समध्ये बनलेले हे सिरप तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासले, तेव्हा त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकोल हे विष निघाले. मान्य मर्यादा आहे 0.1 टक्का.

या घटनेनंतर बऱ्हाणपुरात काय, जळगाव-नागपुरात काय, तीच चार मते पुन्हा पुन्हा मांडली जातात. चारही अपुरी आहेत आणि त्यांच्या आडून खरा दोष सुटून जातो. माझे म्हणणे असे: बाटलीत विष होते हा शेवटचा दोष. त्या मुलांना त्या बाटलीची गरजच नव्हती, हा पहिला.

पहिले मत: हा एका नालायक कारखान्याचा गुन्हा, बाकी सगळे ठीक आहे. कारखाना दोषी आहेच. पण हेच विष मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 साली ग्लिसरीनमधून शिरले आणि 14 रुग्ण मेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने कंपनी, औषध प्रशासन, रुग्णालय आणि मंत्रालय यांची साखळीच उघडी पाडली. अमेरिकेत याच विषाने 1937 मध्ये शंभरावर माणसे मारली होती. तिथे पुढच्याच वर्षी कडक कायदा झाला. 2022 मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास बालके दगावली, तेव्हा संशय हरियाणात बनलेल्या सिरपवर आला. त्यानंतर केंद्र सरकारने जून 2023 पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या प्रत्येक सिरपला सरकारी प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची केली. परदेशी मुलासाठी ही अट होती. परासियाच्या मुलासाठी नव्हती. एवढ्या इतिहासानंतर याला एका कारखान्याचा अपघात कसे म्हणायचे?

दुसरे मत डॉक्टरांविषयी आहे. ते सिरप लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली तेव्हा एक बाजू म्हणाली, सगळा दोष त्याचाच. इंडियन मेडिकल असोसिएशन म्हणाली, डॉक्टर प्रयोगशाळा चालवत नाही, बाटलीत काय मिसळले ते त्याला कसे कळणार? असोसिएशनचा मुद्दा विषापुरता बरोबर आहे. पण विष सोडून त्या सिरपमध्ये जे होते, ते तरी त्या वयाच्या मुलाला द्यायचे होते का?

लेबल वाचू. पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन, फेनिलेफ्रिन. पहिले तापाचे, ताप नसला तरी या मिश्रणातून ते मुलाच्या पोटात जाते. दुसऱ्याने गुंगी येते. मूल झोपले की आईला वाटते, बरे होतेय. तिसरे नाक मोकळे करण्यासाठी. पण तोंडाने घेतलेले फेनिलेफ्रिन नाक मोकळे करतच नाही, असा कौल अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर 2023 मध्ये एकमताने दिला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी सांगितले की, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये. म्हणजे बाटली शंभर टक्के शुद्ध असती, तरी ती दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पडायला नको होती. भेसळ डॉक्टरला कळत नाही हे खरे, पण हे तर त्याला कळायला हवे.

मग ती लिहिली का जाते? इथे धंद्याकडे पाहावे लागते. मोठ्या कंपन्यांची टार्गेटे असतात, सॅम्पले असतात, परिषदांच्या नावाखाली सहली असतात. छोट्या गावात दुसरीच पद्धत चालते. धंद्यातले लोक तिला पीसीडी म्हणतात. एखादा ब्रँड एका भागात एकाच माणसाला ‘मोनोपॉली’ म्हणून दिला जातो. छापील किंमत आणि खरेदी यात मोठे अंतर असते, आणि चिठ्ठी दवाखान्यालगतच्याच मेडिकलवर वटते. परासियाच्या डॉक्टरला दर बाटलीमागे दहा टक्के कमिशन मिळत होते, असे पोलिसांनी न्यायालयात सांगितले. आरोप सिद्ध व्हायचा आहे आणि त्याचा निकाल न्यायालय देईल. पण अशी पद्धत देशभर रुजली आहे हे डॉक्टरांनी स्वतःच सांगितले आहे. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या कामातून, डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ल यांच्या लेखनातून ते पुढे आले. एकट्या डॉक्टरला फासावर द्या म्हणणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. आणि डॉक्टर निर्दोष म्हणणे म्हणजे कमिशनकडे डोळेझाक करणे.

तिसरे मत सगळ्यांत सोयीचे: लोकच औषध मागतात. बऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळच्या कुठल्याही दवाखान्यात हे ऐकायला मिळेल. पॉवरलूमवरच्या कामगाराचा एक दिवस गेला की मजुरी गेली. त्याला मूल उद्या सकाळी बरे हवे असते, आणि दोन बाटल्या व एक सुई मिळाली नाही तर तो दुसऱ्या दवाखान्यात जातो. हे खरे आहे. पण ही मागणी आभाळातून पडली नाही. साध्या सर्दीलाही पिशवीभर औषध देऊन आपणच ती पिढ्यान् पिढ्या घडवली. ज्याच्या हातात ज्ञान आहे त्याची जबाबदारी मोठी, आणि ज्याच्या हातात फक्त तापलेले मूल आहे त्याच्यावर दोष ढकलणे अन्याय आहे. औषधाच्या खोक्यातला कागद इंग्रजीत, बाटलीवरची अक्षरे मुंगीएवढी. या गावात हिंदी, उर्दू, मराठी वाचणाऱ्या आईने काय पाहून नकार द्यायचा?

चौथे मत: ॲलोपॅथीच वाईट, आपले जुनेच बरे. बऱ्हाणपुरात हे मत वजनदार आहे. इथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, सैफिया हमीदिया युनानी महाविद्यालय आहे, आणि दोन्ही परंपरांविषयी लोकांना आदर आहे. तो असावा. पण इन्सुलिनने जगणारी, क्षयातून उठलेली माणसे याच गावात आहेत, आणि ती आधुनिक औषधामुळेच आहेत. परासियाच्या मुलांना वाचवण्याची जी धडपड नागपुरात झाली, तीही डायलिसिसच्याच जोरावर. उलट, काही रसौषधींत शिसे-पारा धोकादायक प्रमाणात सापडल्याचे शोधनिबंधही प्रसिद्ध आहेत. दोष पद्धतीच्या नावात नाही. औषध गरजेने दिले की खपासाठी, आणि ते कोणी तपासले, हेच कुठल्याही पॅथीला विचारायचे प्रश्न आहेत.

खंडन इथे संपते. आता काय हवे ते सांगतो.

एक, औषध कंपन्यांच्या विक्री-वर्तनाला कायदा हवा. मार्च 2024 मध्ये केंद्राने संहिता आणली. डॉक्टरांना भेटी, सहली, रोख देऊ नये असे तिच्यात स्वच्छ लिहिले आहे. पण तक्रार ऐकते ती कंपन्यांच्याच संघटनेची समिती. कुंपणच शेत खात असेल तर तक्रार कुंपणाकडे कशी करायची? डॉक्टरांना दिलेल्या भेटींवर करसवलत मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये ठरवले. करवसुलीपुरते जे मान्य झाले, ते रोग्याच्या जिवासाठीही मान्य व्हावे.

दोन, औषधे मूळ (जेनेरिक) नावाने लिहिली जावीत. हाथी समितीने 1975 मध्येच ब्रँड नावे टप्प्याटप्प्याने हटवायला सांगितले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये तसा नियम काढला आणि तीनच आठवड्यांत स्थगित केला. जेनेरिकच्या दर्जाची खात्री कोण देणार, हा डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची आणि तयार औषधाच्या प्रत्येक बॅचची चाचणी व्हावी आणि तिचा निकाल सर्वांना पाहता यावा. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सिरपमध्ये प्रोपिलीन ग्लायकोल घालतात. त्याच्या जागी औद्योगिक दर्जाचा स्वस्त माल आला की गोडसर, रंगहीन विष आत शिरते. चवीला ते कळत नाही, चाचणीत कळते.

तीन, निरर्थक मिश्रणे बाजारातून जावीत. 2016 मध्ये 344 मिश्रणांवर बंदी आली. कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि फेरतपासणीनंतर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर पुन्हा बंदी घालावी लागली. मधल्या अडीच वर्षांत ती विकली जात राहिली. लहान मुलांच्या सर्दीच्या मिश्रणांपासून पुढची साफसफाई सुरू व्हावी.

चार, औषधाने झालेला अपाय नोंदवण्याची सवय लागावी. 1800-180-3024 हा राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक आहे. त्यावर रोग्याचे नातेवाईकही तक्रार देऊ शकतात. प्रत्येक मेडिकलच्या दारावर हा क्रमांक हिंदीत आणि मराठीत लावणे बंधनकारक करायला हवे.

आणि एक काम सरकारचे नाही, आपले आहे. साध्या सर्दीच्या मुलाला बहुतेक वेळा मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात, भरपूर पातळ पदार्थ आणि आराम पुरतो. श्वास जोरजोरात चालला, मूल पिईना, लघवी कमी झाली, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठायचे. हे समजावून सांगणारा आणि काहीच लिहून न देणारा डॉक्टर उपचार करतच असतो. त्याची फी पूर्ण द्या आणि पुढच्या वेळीही त्याच्याकडेच जा. औषध न दिल्याबद्दल डॉक्टरला मान आणि मोबदला मिळू लागला, तरच बाटलीमागच्या कमिशनची सत्ता मोडेल.