काट्याची पावती मागतो, मग सीटीची का नाही?



ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातात डोक्याला मार लागला किंवा घरात कुणाला अर्धांगाचा झटका आला, की जिंतूरहून गाडी परभणीच्या रस्त्याला लागते. तिथे डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. अशा वेळी मागेपुढे पाहू नये. मेंदूत रक्तस्राव आहे की नाही, हे सीटी काही मिनिटांत दाखवते.

पण हल्ली नुसते डोके दुखले तरी आपणच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, एकदा सीटी काढूनच टाका." या हट्टाला आमचा विरोध आहे.

सीटी हा चोहोबाजूंनी घेतलेला एक्स-रेच. छातीच्या साध्या एक्स-रेत अंगावर साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट किरणमात्रा पडते. छातीच्या नेहमीच्या सीटीत सुमारे 6 ते 7. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी 2.4 मिळते. एका सीटीने कर्करोगाचा धोका अगदी थोडा वाढतो, लेकरांना मात्र तुलनेने जास्त. गरज असेल तर तो पत्करावा, विनाकारण कशाला?

मात्रा कमी केली की चित्र दाणेदार येते. दाणे निम्मे करायचे तर मात्रा चौपट करावी लागते. म्हणून चित्र रोग ओळखण्यापुरते स्वच्छ असले म्हणजे झाले. मुतखडा कमी मात्रेतही दिसतो. लेकराला मोठ्या माणसाची मात्रा लावणे तर चूकच.

रिकाम्या काट्यावर आकडा शून्य हवा, हा आपला आग्रह असतो. सीटीचेही तसेच आहे. पाणी भरलेले नळकांडे यंत्रात ठेवून तपासतात; पाण्याचा आकडा शून्याजवळ यावा लागतो. यंत्राला 1983 साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो.

कोरोनाच्या काळात, सप्टेंबर 2020 मध्ये, राज्य सरकारने छातीच्या सीटीचे दर 2000 ते 3000 रुपयांत बांधून दिले. पैशाला मर्यादा आली. मात्रेचा हिशेब आपणच मागायचा आहे.

तेव्हा सीटी कशासाठी, सोनोग्राफीने भागेल का, हे आधी विचारा. बाई गरोदर असेल तर अगोदर सांगा. यंत्र मात्रेचा आकडा स्वतःच दाखवते, तो रिपोर्टवर लिहून मागा. जुनी फिल्म अन् सीडी ऊसनोंदीच्या कागदासारखी जपा, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करण्याची पाळी येणार नाही. उसाच्या एकेका किलोचा हिशेब घेणाऱ्या सभासदाने स्वतःच्या देहाचा हिशेब सोडू नये.