माझा कौल

आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. उजवे फूल पडले की होकार. यंदा मी स्वतःच कौलाला उभा राहिलो! मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश १ मे २००३ पासून वाचकच लिहीत आले आहेत. तेथे प्रचालक व्हायचे तर सदस्यांचा कौल घ्यावा लागतो.

"पगार किती?" सौभाग्यवतींनी विचारले.

पगार कसला! खोडसाळांना अडवायचे, वादातली पाने कुलूपबंद करायची, उचलेगिरी काढून टाकायची. थोडक्यात, केरसुणी हाती घ्यायची.

महाडचा १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह, पोलादपूरची कवींद्र परमानंदांची समाधी, यांवर मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या जोरावर ऐटीत होतो. तोच एका सदस्याने विचारले, "पोलादपूरकडच्या एका गावाचा लेख जत्रेच्या स्मरणिकेतून जसाच्या तसा उतरवला आहे. काढाल?"

लेख माझ्याच विद्यार्थ्याचा. भर वर्गात मी त्याची पाठ थोपटलेली! 'काढीन' एवढे लिहायला मला मध्यरात्र झाली.

सकाळी पहिल्या एस. टी.ने तो आला. कौल अजून लागायचा होता. त्याला घेऊन मी ग्रंथालयात गेलो. म्हटले, "बैस. तुझ्या गावाविषयी आता तुझ्या शब्दांत लिही."