कतारगाममध्ये अडकलेली गाडी : पिणारा सुटतो, गाडी का सुटत नाही?

दारू पिऊन गाडी चालवताना सुरतमध्ये पकडला गेलेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी जामिनावर बाहेर येतो. गाडी येत नाही. ती पोलीस ठाण्याच्या आवारात, इतर जप्त गाड्यांच्या रांगेत उभी राहते. तिच्यावर धूळ बसते, बॅटरी उतरते आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला कापला जातो. नंदुरबार, धुळे, जळगावच्या घरांत यावरून जी धावपळ होते, तिचं मूळ एका गैरसमजात आहे. आपल्याकडे जसं दंड भरून मोकळं होता येतं तसं तिथेही होईल, असं आपण धरून चालतो.

उदाहरण म्हणून एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. तळोद्याचा एक तरुण दाजींची गाडी घेऊन साखरपुड्याला कतारगामला गेला. हिऱ्याच्या कारखान्यांचा आणि जीआयडीसीतल्या एम्ब्रॉयडरी यंत्रांचा हा भाग. खान्देशी वस्ती लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसऱ्याकडे जास्त, तरी कामानिमित्त आपली माणसं इकडेही आहेत. रात्री मित्रांनी आग्रह केला, दोन पेग झाले, नाकाबंदीत गाडी अडवली गेली. सकाळी दाजी नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली करत दहा हजार रुपये खिशात घालून पोहोचले. दंड भरू, गाडी घेऊ, संध्याकाळपर्यंत घरी. ठाण्यात त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला : गाडीत बाटली होती का?

या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून असतं. चालक किती प्यायला होता, यावर गाडीचं भवितव्य फारसं ठरत नाही.

आधी दोन कायदे वेगळे करून घेऊ. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ देशभर सारखं आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. दाजींच्या खिशातले दहा हजार या कलमाच्या हिशेबाने आणलेले होते. याच कायद्याच्या कलम २०२ मध्ये चालकाला अटक केल्यावर गाडीची तात्पुरती सोय लावायचा अधिकार पोलिसांना आहे. गाडी कायमची ताब्यात ठेवायची तरतूद त्यात नाही. कधी मेमोवर २०७ लिहिलेलं असतं. ते कलम नोंदणी, परवाना, परमिट अशा कागदांच्या त्रुटीसाठी आहे, कागद दाखवले की मार्ग निघतो.

गुजरातमध्ये याच्या जोडीला दारूबंदी कायदा येतो. मूळचा तो १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. १ मे १९६० ला राज्य वेगळं झालं, तेव्हा दोन्ही राज्यांना तो वारशात मिळाला. महाराष्ट्रात परवान्यांच्या वाटेने तो सैल झाला. गुजरातने तो घट्ट धरून ठेवला आणि २०११ मध्ये नावही बदलून ‘गुजरात दारूबंदी कायदा’ केलं. म्हणजे नवापूरच्या ज्या रेल्वे स्टेशनात अर्धा फलाट आपल्याकडे आणि अर्धा गुजरातेत आहे, तिथे एकाच आजोबांच्या कायद्याची दोन नातवंडं शेजारी शेजारी बसली आहेत. एक लाडावलेलं, दुसरं कडक.

या कायद्याच्या कलम ६६(१)(ब) नुसार विनापरवाना पिणं हाच गुन्हा आहे. गाडी चालवत असा की रिक्षात मागे बसलेले असा. रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल असेल तर आपण गुन्हा केला नाही हे दाखवायचं ओझं आरोपीवर येतं. कलम ८५ सार्वजनिक जागी प्यायलेल्या अवस्थेत धिंगाणा घालण्याचं. २०१७ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा खूप वाढवली. म्हणून नाकाबंदीत पकडलेल्या माणसाच्या एफआयआरमध्ये १८५ आणि ६६(१)(ब) शेजारी शेजारी दिसतात. सरकारी दवाखान्यात डॉक्टर रक्त घेतात, नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. अहवाल काही त्या रात्री येत नाही.

पण इथवर गाडीचा संबंध फक्त ‘मुद्देमाल’ म्हणून आहे. पोलिसांनी ती तपासासाठी जप्त केली. दारू चालकाच्या पोटात होती, डिकीत नव्हती. कायद्याचं कलम ९८(२) नीट वाचलं तर सरकारजमा होण्याची टांगती तलवार असते ती मादक पदार्थ ‘वाहून नेणाऱ्या’ वाहनावर. पोटातल्या दारूला वाहतूक म्हणता येत नाही. त्यामुळे अशी गाडी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून परत मागता येते, आणि ती मिळायला हवी.

आता बाटली असेल तर. साखरपुड्यासाठी धुळ्याहून चार बाटल्या मागच्या सीटखाली टाकल्या असतील, तर प्रकरण पिण्याचं राहत नाही, वाहतुकीचं होतं. २०१७ नंतर वाहतुकीसाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. गाडी ९८(२) खाली येते. आणि दारू नियमाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर खटल्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत गाडी जामिनावर किंवा बंधपत्रावर सोडायची नाही, असं कलमच सांगतं. चार बाटल्या आणि खोकी यांत कायदा इथे फरक करतो. कमी माल असेल तर दंडाधिकाऱ्यांचे हात मोकळे राहतात. जास्त असेल तर ते बांधले जातात, मग वकील कितीही मोठा असो.

अशा वेळी लोक अहमदाबादला उच्च न्यायालयात जातात. ९८(२) चा अडथळा दंडाधिकाऱ्यांसाठी आहे, संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालच्या उच्च न्यायालयाच्या अधिकाराला तो बांधत नाही, या भूमिकेतून तिथे अनेक गाड्या सुटल्या आहेत. अटी साधारण ठरलेल्या असतात. पंचनाम्यातल्या किमतीइतका जामीन, गाडी विकणार नाही अशी हमी, बोलावल्यावर हजर करण्याचं वचन, सोडण्याआधी फोटो आणि सविस्तर पंचनामा. पुन्हा अशाच गुन्ह्यात सापडली तर ती सरकारजमा. पण तळोद्याहून सुरत आणि सुरतहून आणखी अडीचशेहून अधिक किलोमीटर अहमदाबाद, वर उच्च न्यायालयातल्या वकिलाची फी. जुन्या गाडीची किंमत कधी कधी तेवढी नसते. ज्याची गाडी म्हणजेच रोजी आहे, नंदुरबारहून पेशंट घेऊन सुरतच्या दवाखान्यांत फेऱ्या मारणारा, त्याला हा मार्ग कागदावर खुला आहे, इतकंच म्हणता येतं.

यात एक विचित्र योगायोग आहे. जप्त गाड्या पोलीस ठाण्यात सडवू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने ज्या निकालात सांगितलं, ते प्रकरण सुरत जिल्ह्यातलंच. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य, १ ऑक्टोबर २००२. आरोपी पोलीस कर्मचारी होते आणि आरोप ठाण्यातला मुद्देमाल बदलल्याचा, गिळंकृत केल्याचा, परस्पर लिलाव केल्याचा होता. त्या निमित्ताने न्यायालयाने म्हटलं की वाहनं दीर्घकाळ ठाण्यात ठेवण्यात काहीच अर्थ नाही. योग्य बंधपत्र, हमी आणि जामीन घेऊन दंडाधिकाऱ्यांनी ताबडतोब आदेश द्यावा. गाडी सोडवायच्या अर्जात देशभरातले वकील आजही हाच निकाल जोडतात. ज्या जिल्ह्याच्या प्रकरणातून देशाला हा नियम मिळाला, तिथेच तो मागायला आपल्याला चकरा माराव्या लागतात.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं ४५१ आता ४९७ झालं, ४५७ चं ५०३. आकडे बदलले तेवढंच नाही. ४९७ मध्ये मुदती घातल्या आहेत. मालमत्ता न्यायालयासमोर हजर झाल्यापासून १४ दिवसांत तिचं विवरण तयार करायचं, फोटो आणि गरज असल्यास व्हिडिओ काढायचा, त्यानंतर ३० दिवसांत ती परत द्यायची की आणखी काय करायचं याचा आदेश द्यायचा. फोटो पुरावा म्हणून चालतात, त्यामुळे ‘पुराव्यासाठी गाडी लागेल’ हे कारण आता पूर्वीइतकं वजनदार राहिलेलं नाही. पण मेख अशी की घड्याळ सुरू होतं ते ‘हजर झाल्यापासून’. गाडी ठाण्यात, कागद टेबलावर आणि न्यायालयासमोर काहीच नाही, अशा अवस्थेत १४ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. म्हणून वाट बघत बसू नये. मालकाने सुरतच्या न्यायालयात आपणहून अर्ज टाकावा. न्यायालय पोलिसांचा अभिप्राय मागवतं आणि प्रकरण हलतं.

अर्ज कोणी करायचा, इथे घोळ होतो. प्यायलेल्या मेहुण्याने नाही, ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्या दाजींनी. आणि इथेच आपल्याकडची एक जुनी सवय नडते. सुरतहून जुनी गाडी घ्यायची, जीजे-०५ चा नंबर तसाच ठेवायचा, नाव बदलायचं राहून जायचं. चार वर्षं गाडी धावते, कोणी विचारत नाही. मग एक रात्र अशी येते आणि न्यायालय म्हणतं, मालक कुठे आहे? मालक वराछ्यातला कोणी पहिला विकणारा, त्याचा फोन लागत नाही किंवा लागला तर तो पैसे मागतो. फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तिच्या ना-हरकत पत्राचाही प्रश्न येऊ शकतो. आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र, एफआयआरची आणि जप्ती पंचनाम्याची नक्कल एवढी जुळणी आधी करूनच सुरतची एसटी पकडावी.

दुसरी अडचण जामीनदाराची. ‘लोकल माणूस आणा’ असं सांगितलं जातं आणि आपली शेतजमीन, सातबारा शहाद्याचा. १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच वृत्तीवर ताशेरे ओढले होते. एका गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारला होता, ते न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मान्य केलं नाही. तो निकाल माणसाच्या जामिनाबद्दलचा, गाडीच्या नव्हे. तरी वकिलाने तो मुद्दा मांडायला हरकत नाही. प्रत्यक्षात मात्र लोक उधन्यातला एखादा नातलग शोधतात, आणि तेच लवकर जमतं.

कायद्यात मालकाच्या बाजूने एक गोष्ट आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. कलम ९९ नुसार गाडी सरकारजमा करण्याआधी दावा सांगणाऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, आणि गुन्हा होऊ नये म्हणून आपण योग्य काळजी घेतली होती हे मालकाने पटवून दिलं, तर वाहन जप्त करता येत नाही. टॅक्सीमालकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. चालकाला ‘गाडीत दारू न्यायची नाही’ हे लेखी देऊन त्याची सही घेतलेला साधा कागद तेव्हा कामाला येतो. तोंडी सांगितलं होतं, यावर कोण विश्वास ठेवणार?

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची बाजू घ्यावी असं काही इथे नाही. रस्त्यावर मरणारा माणूस कोणत्या राज्याचा, हे बघून अपघात होत नाहीत. आणि अपघात झालाच, तर प्यायलेल्या चालकाच्या हातून झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान विमा कंपनी भरून देत नाही, हेही सांगून ठेवतो. पण शिक्षा कोणाला होते ते पाहा. पिणारा मेहुणा चोवीस तासांत घरी. गाडी ज्यांची, ज्यांनी घोटही घेतला नाही, ते दाजी हप्ते भरतात आणि तारखांना जातात. निकालाच्या आधीच त्यांची शिक्षा सुरू झालेली असते, आणि मेहुणा पुढे निर्दोष सुटला तरी उभ्या गाडीचे गेलेले महिने कोणी परत देत नाही. मोठ्या प्रमाणावर दारू नेणाऱ्यासाठी ९८(२) ची कठोरता समजू शकते. तो गाडी गमावण्याचा खर्च धंद्यात धरूनच चालतो. ती बसते मात्र एकच गाडी असणाऱ्या घराला. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत त्याच सरकारने दारूला सवलत दिली. सवलत कोणाला आणि कुठे मिळते, याचा हिशेब सीमेवरच्या माणसाने आपापला करावा.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो : नवापूरला पिऊन सोनगडला पकडलं तर? दारू गुजरातबाहेर प्यायलो, हा बचाव न्यायालयात मांडता येतो, पण रक्तातल्या टक्क्यामुळे तो सिद्ध करायचा भार आपल्यावरच. बिलाची पावती, वेळ, टोलनाक्याची नोंद लागेल. आणि स्टेअरिंगवर असाल तर १८५ ला राज्याची सीमा नसते. दरवर्षी ३१ डिसेंबरला दमणहून परतणाऱ्यांना वलसाडकडे हेच ऐकावं लागतं. बाहेरून येणाऱ्यांसाठी तात्पुरता परवाना मिळतो, तो मात्र आधी काढायचा असतो, नाकाबंदीत उभं राहून नव्हे.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी घाई करू नका. जप्तीच्या पंचनाम्यात किलोमीटरचा आकडा, स्टेपनी, टेप, बॅटरी, आतल्या वस्तू काय लिहिल्यात ते ताडून पाहा, फरक असेल तर सही करण्याआधीच लिहून द्या. टायर बसलेले असतील, बॅटरी गेलेली असेल. कतारगामहून मेकॅनिक सोबत नेलेला बरा.