फाइल कर्व्ह करू नका!

हृदयाची आकृती मराठी माध्यमासाठी वेगळी आणि कन्नड माध्यमासाठी वेगळी नसते. कर्णिका त्याच, जवनिका त्याच; बदलतात ती फक्त रेघांपुढची नावं. तरीही इंटरनेटवर चांगली आकृती मिळाली, की मराठी शाळेतल्या शिक्षकाला ती पेंटमध्ये उघडावी लागते, इंग्रजी नावांवर पांढरे चौकोन ओढावे लागतात आणि वर मराठी अक्षरं चिकटवावी लागतात. त्या चौकोनाखाली एखादी रक्तवाहिनीही अर्धी गडप होते.

ही मजुरी अनावश्यक आहे. २००१ पासून एसव्हीजी हे वेक्टर चित्रांचं खुलं मानक उपलब्ध आहे. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर चित्राऐवजी मजकूर दिसतो: वर्तुळाचा मध्य डावीकडून २०० वर, वरून १५० वर, त्रिज्या ४०, रंग लाल. तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडली की वर्तुळ दिसतं आणि कितीही मोठं केलं तरी कड फाटत नाही. मजकूरच असल्यामुळे तो हाताने न लिहिता पायथॉनसारख्या भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅमकडून लिहून घेता येतो. एका तक्त्यात १२ अवयव आणि चार भाषांचे चार रकाने भरले, की प्रोग्रॅम चार आकृत्या काढून देतो. उद्या एखादी संज्ञा बदलली, तर तक्त्यातला एक चौकोन बदलायचा.

यात नवलाईचं काही नाही. १९८४ साली आलेली पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी प्रोग्रॅमिंग भाषाच होती. नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये देवनागरी अक्षरंसुद्धा मेटाफॉन्टमध्ये, म्हणजे सूचना लिहूनच, घडवली. विकिमीडिया कॉमन्सवर तर एकाच एसव्हीजीत अनेक भाषांतली नावं ठेवता येतात.

देवनागरीची म्हणून थोडी कटकट आहेच. ब्राउझर अक्षरं बरोबर जोडतो, पण एसव्हीजीचं पीएनजी करणारी काही साधनं ‘कर्णिका’चा रफार वर चढवतच नाहीत, पाय मोडलेला र तसाच उरतो आणि वेलांटीही चुकते. साध्या एसव्हीजीत लांब नाव आपोआप दुसऱ्या ओळीवर जात नाही, तेही प्रोग्रॅममध्येच बघावं लागतं. एका दुपारचं काम, फार तर दोन.

खरी अडचण सवयीची आहे. छापखान्यात फॉन्टचा घोळ नको म्हणून डीटीपीवाले ‘फाइल कर्व्ह करून द्या’ म्हणतात आणि छपाईपुरतं ते बरोबरही आहे. पण कर्व्ह केलं, की अक्षर अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो. ते शोधता येत नाही, बदलता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर त्यावर मुका होतो. पुढे तीच फाइल वेबसाइटवर चढते आणि मूळ फाइल कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर पडून राहते.

म्हणून सरकारी पैशातून शैक्षणिक आकृत्या काढून घेणाऱ्यांनी कंत्राटातच दोन ओळी घालाव्यात: कर्व्ह न केलेली एसव्हीजी आणि नावांचा तक्ता, दोन्ही जाहीरपणे उपलब्ध करून द्यावेत. चित्रकाराचा मोबदला आणि त्याचं नाव अर्थातच शाबूत राहावं. मूळ हृदय त्यानेच काढलेलं असतं, प्रोग्रॅमने नव्हे. अशा तक्त्यात कोकणीचा पाचवा रकाना गोव्यातला एखादा शिक्षकही भरू शकेल.