अबजद, हव्वज आणि हिब्रू

गेल्या महिन्यात, रविवारी सकाळी, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अम्मी-अब्बा घरी आले. वाशीच्या बसस्टँडजवळ त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. पोरगी हुशार, संभाजीनगरला अरबी घेऊन बी.ए. करतेय. पुढे दिल्लीच्या जेएनयूत जायचं आणि अरबीसोबत हिब्रूही शिकायची, असं तिनं घरी सांगितलं होतं.

"मॅडम, तुमीच समजावा तिला," अब्बा म्हणाले. "अरबी पढी, अच्छा हुआ. पण ही यहुद्यांची भाषा कशाला? टीव्हीवर रोज गाझातली लेकरं बघतो आपण. लोकं काय म्हणतील?"

खरं सांगते, माझ्याही मनात क्षणभर तेच आलं. मी म्हटलं, "विचार करून सांगते, भाई." आणि त्या रात्री विचार केला.

आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी मौलवीसाहेबांकडे अबजद पाठ केलंय. अबजद, हव्वज, हुत्ती, कलमन, सअफस, करशत. ७८६ चा हिशेब याच अक्षरांच्या किमतींवरून निघतो. करशतपर्यंत मोजा, २२ अक्षरं होतात. हिब्रूची अक्षरं बरोबर तेवढीच, आणि त्याच क्रमाने. अलिफला अलेफ, बेला बेत, दालला दालेत. किमतीही त्याच: पहिल्या अक्षराची १, शेवटच्याची ४००. लिहायचं उजवीकडून डावीकडे. जेर-जबर-पेशसारख्या खुणाही आहेत, आणि उर्दूसारख्याच त्या रोजच्या लिहिण्यात गाळतात.

शब्द पाहा. सलामला शालोम, यौमला योम, बैतला बायित, लिसानला लाशोन, अहदला एहाद. ज्याला अरबी येते त्याला ही भाषा परकी वाटणं कठीण. एकाच घराण्यातल्या दोन बहिणी म्हणा ना.

विद्यापीठात ती दोन तऱ्हेने शिकवतात. एक जुनी, तौरात आणि जबूरची. दुसरी आधुनिक, बाजारात आणि वर्तमानपत्रात चालणारी. मधली कित्येक शतकं ही भाषा नमाजेसारख्या प्रार्थनेत, ग्रंथांत आणि पत्रांत राहिली, पण लेकरांशी बोलायची घरातली भाषा उरली नव्हती. १८८१ मध्ये एलिएझर बेन-येहुदा नावाचा माणूस जेरुसलेमला गेला आणि त्याने घरात फक्त हिब्रू बोलायचं ठरवलं. नव्या वस्तूंना शब्द हवे होते. त्याने जुन्या ग्रंथांत शोधले, अरबी धातूंचाही आधार घेतला. विजेसाठी आज जो 'हश्मल' शब्द आहे, तो जुन्या ग्रंथात तेजस्वी चकाकीसाठी आलेला आहे. म्हणून दोन्ही शिकणाऱ्याला शब्द तोच दिसतो, पण अर्थ कोणत्या काळातला हे ओळखावं लागतं.

आणि ही भाषा महाराष्ट्राला नवी नाही. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत, घरी मराठीच बोलत. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. १८३४ मध्ये जन्मलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर मुंबईत मुख्याध्यापक होते, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते आणि त्यांनी आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या. त्या समाजातले बहुतेक लोक नंतर इस्रायलला गेले. भायखळ्याची सर जेकब ससून शाळा ज्यू मुलांसाठी निघाली होती. आज तिथं शिकणारी बहुतेक मुलं आपलीच आहेत.

दुसऱ्या रविवारी मी भाईंना हजरत जैद बिन साबित (रजि.) यांची गोष्ट सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना यहुद्यांची लिपी शिकायला सांगितली, आणि पंधरा दिवस होण्याआधीच ते शिकले. कारण काय? आलेलं पत्र वाचायला आणि उत्तर लिहायला दुसऱ्याच्या भरवशावर राहावं लागू नये. पुढे कुरआन एकत्र करण्याचं काम याच जैद (रजि.) यांच्याकडे आलं.

मी म्हटलं, "भाई, गाझाचं दुःख मलाही आहे. पण तिथली कागदपत्रं, तिथली वर्तमानपत्रं आपण नेहमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. आपल्या पोरीनं ती स्वतः वाचली तर वाईट काय? भाषा शिकली म्हणून कुणाचा जुलूम मान्य केला असं होत नाही."

ते बराच वेळ गप्प बसले. मग अम्मीच हळूच बोलल्या, "मॅडम, भाषेचं राहू द्या. दिल्ली लई लांब आहे. पोरीला एकटीला कसं ठेवायचं? खर्चाचं काय?"

तेव्हा कळलं, खरी अडचण हिब्रूची नव्हतीच. होस्टेल, शिष्यवृत्ती आणि सोबत, हे आम्ही आता एकेक करून बघतोय. प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरायचं अब्बांनी कबूल केलंय, पाठवायचं अजून नाही.

तुमच्या घरातल्या पोरीनं एखादा अनोखा विषय मागितला, तर आधी विचारा, भीती विषयाची आहे की अंतराची? भीती अंतराची असेल तर दोष विषयाला देऊ नका.