दारू सोडली, म्हणून समुपदेशक?

नवऱ्याची दारू सुटावी म्हणून आपण बायका उपास करतो, चहात गुपचूप पावडरही घालतो. शेवटी मंगळसूत्र मोडून त्याला केंद्रात नेतो. पण तिथला समुपदेशक कुठं शिकलाय, हे विचारतो का? स्वतःची सुटली म्हणजे दुसऱ्याची सोडवता येते, असं नाही. दारू एकदम बंद केली की काहींना फिट येते, भास होतात. तेव्हा भाषण नको, डॉक्टर हवा. हे ओळखायला शिकावंच लागतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर पडलेले अनेकजण समुपदेशक झाले, पण प्रशिक्षण घेऊन. तिथं बायकांसाठी वेगळा ‘सहचरी’ गटही आहे. नाहीतर एरवी आपल्याला सल्ला एकच, ‘तूच सांभाळून घे!’ तेव्हा मैत्रिणींनो, पैसे भरण्याआधी विचारा, अगदी न लाजता.