विश्लेषण : सिनेट होती, निवडणुकाही होत्या… मग रोमचे प्रजासत्ताक संपले कधी?

एल साल्वादोरच्या संसदेने ३१ जुलै २०२५ रोजी घटनादुरुस्ती करून अध्यक्षाला कितीही वेळा निवडणूक लढवण्याची मुभा दिली. बाजूने ५७ मते पडली, विरोधात ३. त्याआधी २०१८ मध्ये चीनने अध्यक्षपदावरची दोन कार्यकाळांची मर्यादा काढून टाकली. २०२० मध्ये रशियाने व्लादिमीर पुतिन यांना २०३६ पर्यंत पदावर राहण्याची वाट मोकळी करून दिली. यातल्या एकाही ठिकाणी हे करण्यासाठी रणगाडे रस्त्यावर आले नाहीत. सगळे मतदानाने, कागदोपत्री नियमानुसार झाले. अशी बातमी आली की जगभरच्या अभ्यासकांना रोम आठवते. कारण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये प्रजासत्ताक जाऊन सम्राट आला, तेव्हाही प्रजासत्ताक रद्द झाल्याची घोषणा कुणी केली नव्हती. उलट ते ‘पुन्हा प्रस्थापित’ झाल्याचे सांगण्यात आले होते. हे कसे घडले, याचा हा आढावा.

रोमच्या प्रजासत्ताकाची रचना कशी होती?

रोमन परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये शेवटचा राजा टार्क्विनियस याला हाकलून देण्यात आले आणि प्रजासत्ताक सुरू झाले. त्यानंतर रोममध्ये ‘राजा’ हा शब्द जवळपास शिवीसारखा झाला. एका माणसाच्या हाती सत्ता एकवटू नये, या एकाच भीतीभोवती सगळी व्यवस्था रचली गेली. सर्वोच्च पदावर एक नव्हे तर दोन कॉन्सल असत. मुदत फक्त एक वर्ष. एक कॉन्सल दुसऱ्याचा निर्णय अडवू शकत असे. सामान्य नागरिकांच्या बाजूने दहा ट्रिब्यून निवडले जात. त्यांना नकाराधिकार होता आणि त्यांच्या अंगाला हात लावणे हे पाप मानले जाई. कायदे आणि निवडणुका जनसभांच्या हाती होत्या, तर अनुभवी उमरावांची सिनेट सल्ला देत असे. हा सल्ला नावापुरता नव्हता. परराष्ट्र धोरण आणि खजिना प्रत्यक्षात सिनेटच चालवत असे.

संकटकाळासाठी ‘डिक्टेटर’ नेमण्याची सोय होती. मात्र त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असे. सिनसिनॅटस नावाच्या शेतकऱ्याला इ.स.पू. ४५८ मध्ये हे पद मिळाले, त्याने युद्ध जिंकले आणि १६ दिवसांत पद सोडून तो शेतावर परतला, अशी कथा रोमन लोक अभिमानाने सांगत.

मग कच्चा दुवा कोणता होता?

रोमला लिखित राज्यघटना नव्हती. काही कायदे होते, पण बरीचशी व्यवस्था ‘पूर्वजांची रीत’ या अलिखित शिस्तीवर चालत असे. कॉन्सल होण्याआधी खालची पदे क्रमाने भूषवायची, किमान वय पूर्ण करायचे, पुन्हा तेच पद लगेच मागायचे नाही, शहरात सैन्य आणायचे नाही, असे संकेत होते. ते मोडणाऱ्याला रोखेल असे स्वतंत्र न्यायालय किंवा पोलीस दल नव्हते. सगळे पाळतात म्हणून प्रत्येक जण पाळतो, असा तो मामला होता.

इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज आणि कोरिंथ ही शहरे रोमने नष्ट केली आणि भूमध्य समुद्राभोवती त्याला तोडीस तोड शत्रू उरला नाही. विजयांसोबत अमाप लूट आणि लाखो गुलाम आले. त्यांच्या श्रमावर श्रीमंतांच्या जमिनी फुगत गेल्या. वर्षानुवर्षे लढाईवर असलेल्या अनेक लहान शेतकऱ्यांची शेती मोडली. एका शहरासाठी घडलेली व्यवस्था आता खंडप्राय साम्राज्य चालवत होती.

पहिला तडा केव्हा गेला?

इ.स.पू. १३३ मध्ये. टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने जमिनीचा प्रश्न हाती घेतला. सरकारी जमीन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बळकावलेल्यांकडून ती काढून भूमिहीनांना द्यावी, असा त्याचा कायदा होता. ऑक्टेव्हियस या दुसऱ्या ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरला. तेव्हा टायबेरियसने जनसभेत मतदान घेऊन त्यालाच पदावरून दूर केले. पुढे त्याने लागोपाठ दुसऱ्या वर्षासाठीही उमेदवारी केली. दोन्ही गोष्टी रीतीला सोडून होत्या.

सिनेटरांचे उत्तर त्याहून भयंकर होते. एका गटाने बाकांचे तुकडे आणि दांडकी घेऊन चाल केली. टायबेरियससह सुमारे ३०० जण मारले गेले. इ.स.पू. १२१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ गायस याच्याविरुद्ध सिनेटने एक नवाच ठराव केला. ‘राज्याचे नुकसान होऊ नये यासाठी कॉन्सलने आवश्यक ते करावे,’ असा त्याचा आशय होता. म्हणजे आणीबाणी! त्या कारवाईत गायस आणि त्याचे हजारो समर्थक गेले.

यात एक बाजू सुधारणेची आणि दुसरी परंपरेची होती, असे म्हणता येते. पण समोरचा धोकादायक आहे, म्हणून यावेळी नियम बाजूला ठेवू, हे दोघांनीही मान्य केले होते. पुढची शंभर वर्षे हेच कारण पुन:पुन्हा दिले गेले.

सैन्य राज्याचे न राहता सेनापतीचे कसे झाले?

रोमन सैनिक परंपरेने जमीन असलेला नागरिक असे. लढाई संपली की तो घरी परते. इ.स.पू. १०७ मध्ये गायस मारियसने भूमिहीनांनाही सैन्यात घेतले. या सैनिकांना परतायला शेत नव्हते. निवृत्तीनंतर जमीन मिळेल की नाही, हे त्यांचा सेनापती राजकारणात किती बलवान आहे यावर ठरू लागले. सिनेटने सैनिकांसाठी कायमची निवृत्तिव्यवस्था उभारली नाही. त्यामुळे निष्ठा राज्याकडून सेनापतीकडे सरकली. खुद्द मारियस सात वेळा कॉन्सल झाला, त्यात पाच वेळा लागोपाठ.

इ.स.पू. ८८ मध्ये सुला या सेनापतीने थेट रोमवरच सैन्य नेले. पुढे यादवी जिंकून तो डिक्टेटर झाला. सुमारे १२० वर्षे कुणी न वापरलेले पद त्याने बाहेर काढले आणि तेही मुदतीशिवाय. शत्रूंच्या नावांच्या याद्या चौकात लागल्या. यादीतल्या माणसाला मारणाऱ्याला बक्षीस होते. सुलाने सिनेट बळकट करणारे कायदे केले आणि नंतर स्वतःहून पदही सोडले. पण लोकांच्या लक्षात त्याचे कायदे राहिले नाहीत. रोमवर सैन्य नेता येते आणि पचवताही येते, एवढे मात्र राहिले.

पॉम्पीला तर खालचे एकही पद न भूषवता इ.स.पू. ७० मध्ये कॉन्सल होता आले. समुद्री चाच्यांच्या बंदोबस्तासाठी त्याला इ.स.पू. ६७ मध्ये संपूर्ण भूमध्य समुद्रावर तीन वर्षांचे अधिकार मिळाले. त्याने काही महिन्यांतच काम फत्ते केले. असे विशेष अधिकार उपयोगी ठरतात, हीच खरी अडचण होती. ते फसले असते तर पुढच्याला मागायची सोय राहिली नसती.

सीझरने नेमके काय केले?

पॉम्पी, क्रासस आणि ज्युलियस सीझर यांनी इ.स.पू. ६० च्या सुमारास आपसात समझोता केला. सीझर कॉन्सल झाला आणि नंतर त्याने गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकला. इ.स.पू. ५३ मध्ये क्रासस पार्थियाविरुद्धच्या लढाईत मारला गेला आणि उरलेल्या दोघांत तणाव वाढला. सीझरला सैन्याचा ताबा न सोडता पुन्हा कॉन्सलपदाची उमेदवारी हवी होती. विरोधकांना तो आधी सामान्य नागरिक म्हणून परतायला हवा होता. सिनेटने आणीबाणीचा ठराव केला आणि सीझरच्या बाजूचे ट्रिब्यून शहर सोडून पळाले. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत सीझरने रुबिकॉन ही सीमेवरची नदी सैन्यासह ओलांडली. ट्रिब्यूनांच्या हक्कांच्या रक्षणासाठी आलो आहे, असा त्याचा दावा होता. म्हणजे प्रजासत्ताकावर चाल करतानाही भाषा प्रजासत्ताकाचीच होती.

पुढचा तक्ता बोलका आहे. इ.स.पू. ४९ मध्ये सीझर ११ दिवसांसाठी डिक्टेटर झाला. ४८ मध्ये तो पुन्हा डिक्टेटर झाला, यावेळी सुमारे वर्षभरासाठी. ४६ मध्ये दहा वर्षांसाठी आणि ४४ च्या सुरुवातीला कायमस्वरूपी. त्याच वर्षी १५ मार्चला सिनेटरांच्या एका गटाने त्याला भोसकून मारले. अंगावर २३ वार होते.

हुकूमशहा गेला, तरी प्रजासत्ताक का वाचले नाही?

मारेकऱ्यांकडे खंजीर होते, योजना नव्हती. एक माणूस काढला की व्यवस्था आपोआप पूर्ववत होईल, अशी त्यांची समजूत होती. पण जमिनीची वाट पाहणारे सैनिक आणि परस्परांवर विश्वास नसलेले पुढारी, हे सगळे जागच्या जागी होते. सीझरचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन तेव्हा १८ वर्षांचा होता. त्याने सीझरच्या नावावर सैन्य जमवले. विख्यात वक्ता सिसेरो याने त्याला मार्क अँटनीविरुद्ध वापरता येईल म्हणून सिनेटमध्ये पाठिंबा दिला. इ.स.पू. ४३ मध्ये ऑक्टेव्हियन सैन्य घेऊन रोममध्ये आला आणि विशीच्या आतच कॉन्सल झाला. कायद्याने हे पद चाळिशीनंतरचे होते. त्याच वर्षी त्याने अँटनीशीच हातमिळवणी केली. अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस या तिघांना पाच वर्षांचे सर्वाधिकार देणारा रीतसर कायदा झाला. पुन्हा याद्या लागल्या आणि त्यांत सिसेरोचे नाव होते. डिसेंबरमध्ये त्याला ठार करण्यात आले.

पुढे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या आरमारी लढाईत अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा हरले. ऑक्टेव्हियनसमोर कुणी उरले नाही.

ऑगस्टसने ‘परत’ काय केले?

इ.स.पू. २७ च्या जानेवारीत ऑक्टेव्हियनने सिनेटसमोर आपले विशेष अधिकार परत करत असल्याचे जाहीर केले. सिनेटने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली आणि बदल्यात स्पेन, गॉल, सीरिया व इजिप्त हे प्रांत दहा वर्षांसाठी सोपवले. रोमची बहुतेक फौज याच प्रांतांत होती. दहा वर्षांची मुदत पुढे वाढतच गेली.

इ.स.पू. २३ मध्ये त्याने कॉन्सलपदही सोडले आणि ट्रिब्यूनचे अधिकार घेतले. पद नव्हे, फक्त अधिकार. सिनेट बोलावणे, कायदा मांडणे, नकाराधिकार वापरणे हे सारे त्याला आता कोणतेही निवडणुकीचे पद न घेता करता येऊ लागले. शिवाय प्रांतांच्या राज्यपालांहून वरचढ लष्करी अधिकार मिळाला. अधिकार पदापासून वेगळा काढणे ही त्याची खरी किमया. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक खाते ज्याच्या त्याच्या नावावर राहिले, पासवर्ड मात्र सगळे एकाकडे गेले. कॉन्सल दरवर्षी निवडले जात, सिनेट भरत असे, जनसभा मत देत असे. ऑगस्टसने डिक्टेटरपद तर चक्क नाकारले.

लोकांनी विरोध का केला नाही?

कारण ते दमले होते. दोन दशके यादवी, याद्या, जप्त झालेल्या जमिनी सोसल्यानंतर ऑगस्टसने शांतता दिली. शहरातल्या दोन लाखांहून अधिक लोकांपर्यंत मोफत धान्य पोहोचत होते. सैनिकांच्या निवृत्तीसाठी त्याने इ.स. ६ मध्ये स्वतंत्र खजिना उभारला. म्हणजे प्रजासत्ताकाला शंभर वर्षे न सुटलेला प्रश्न त्याने सोडवला. इ.स.पू. २२ मध्ये धान्यटंचाई झाली, तेव्हा जमावाने सिनेटला घेरून ऑगस्टसला डिक्टेटर करा, अशी मागणी केली होती.

शिवाय तो दीर्घकाळ जगला. इ.स. १४ मध्ये ७५ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला, तेव्हा चव्वेचाळिशीच्या आतला प्रत्येक रोमन ॲक्टियमनंतर जन्मलेला होता. जुने प्रजासत्ताक प्रत्यक्ष पाहिलेले किती जण उरले होते, असा प्रश्न पुढे इतिहासकार टॅसिटसने विचारला, तो यामुळेच.

भारतात सापडणारी नाणी काय सांगतात?

इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात आला आणि तांबड्या समुद्रामार्गे भारताशी व्यापार वाढला. भूगोलकार स्ट्राबोच्या काळात इजिप्तच्या एका बंदरातून भारताकडे १२० जहाजे जात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण, तेर आणि कल्याण यांचा उल्लेख आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती याच संबंधांची खूण.

दक्षिण भारतात ऑगस्टसची चांदीची नाणी मोठ्या संख्येने सापडली आहेत. त्यावर त्याचा चेहरा आहे आणि ‘देवाचा पुत्र’, ‘राष्ट्रपिता’ अशी बिरुदे आहेत. ‘राजा’ हा शब्द मात्र कुठेही नाही. तो ऑगस्टसने कधीच वापरला नाही, कारण त्याची गरजच पडली नाही.

मग प्रजासत्ताक संपले त्याची तारीख कोणती?

अभ्यासक वेगवेगळ्या तारखा सांगतात. कुणी रुबिकॉन म्हणतात, कुणी ॲक्टियम, तर कुणी इ.स.पू. २७. रोमन माणसाला विचारले असते तर कदाचित त्याने ‘संपले कुठे?’ असे उलट विचारले असते. इ.स. १४ मध्ये, टायबेरियस सम्राट झाल्यावर, अधिकाऱ्यांच्या निवडणुका जनसभांकडून सिनेटकडे गेल्या. त्यावर फारशी खळबळ झाली नाही. इ.स. ६९-७० च्या सुमाराचा एक कांस्य लेख आजही रोमच्या संग्रहालयात आहे. ऑगस्टसला जे जे करता येत होते, ते ते सम्राट व्हेस्पासियनलाही करता यावे, असा तो कायदा. एका माणसासाठी केलेला अपवाद शंभर वर्षांत लिखित नियम झाला होता. कॉन्सल तर त्यानंतरही नेमले जात राहिले, अगदी इ.स. ५४१ पर्यंत.

म्हणूनच रोमचे उदाहरण आज देताना ‘सीझर कोण’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. सीझरला तर मारले होते. विचारायचे ते हे की कोणता अपवाद कोणत्या संकटाच्या नावाने मंजूर झाला, त्याची मुदत कधी संपते आणि ती संपल्यावर अधिकार खरोखर परत येतात का. रोममध्ये दर वेळी मतदान झाले, बहुतेक वेळा कारणही पटण्यासारखे होते आणि अधिकार परत आल्याचे जाहीरही करण्यात आले. फक्त ते आले नाहीत.